डिग्री की वर्षाचा डिप्लोमा? बालवाडी टीचर व्हायचं असेल तर

माझ्या मामेबहिणीची मुलगी यंदा बारावी झाली. तिला बालवाडीत शिकवायचंय, आणि दर चार दिवसांनी मेसेज येतो, मावशी डिग्री करू की म्हापशाला वर्षाचा डिप्लोमा? आता मी दोन्ही केलंय म्हणून मला विचारतात सगळे, आणि तेही उलट्या क्रमाने केलंय. आधी डिप्लोमा, मग एक वर्ष एका केजीत नोकरी, आणि मग होम सायन्सची डिग्री ह्युमन डेव्हलपमेंट घेऊन, माझ्याहून लहान पोरींच्या बाकावर बसून. तेव्हा एकदाच सविस्तर लिहून टाकते.

डिप्लोमाची बाजू आधी, कारण ती खरंच तगडी आहे. वर्षात हातात कागद येतो, घरची परिस्थिती बेताची असेल तर ही छोटी गोष्ट नाही. गाणी, गोष्टी, चार्ट, मातीकाम, कागदाच्या बाहुल्या हे सगळं हाताला बसतं, इतकं की डिग्रीवाल्या पोरी माझ्याकडून शिकून गेल्या. शिवाय केजीत मला जो सुरुवातीचा पगार मिळाला तो शेजारच्या वर्गातल्या डिग्रीवालीपेक्षा कमी नव्हता, हे सांगायला वाईट वाटतं पण तसंच होतं.

पण एका गोष्टीने माझं डोकं फिरलं. आमच्या क्लासात प्रॅक्टिस म्हणजे काय, तर एकीने टीचर व्हायचं आणि बाकीच्या वीस बायकांनी मुलं. सगळ्या मांडी घालून बसायच्या, "येस टीचर" म्हणायच्या, टाळ्या सांगितल्या की टाळ्या, आणि गोष्ट संपली की सगळ्यांना गोष्ट कळलेली असायची. मला दहापैकी नऊ मार्क पडले होते. मग जून आला, भर पावसात केजीचा पहिला दिवस, ओले रेनकोट, आणि एक साडेतीन वर्षांचा मुलगा दाराला धरून "म्हाका घरा वचपाचें", मला घरी जायचंय, म्हणून जो रडायला लागला तो थांबेचना, त्याचं बघून आणखी चौघं, आणि एकाने तर चड्डीतच केली. मी काय केलं? गाणं म्हटलं. हावभावासहित. दुसरं काही येतच नव्हतं ना मला. वर्षभरात एकाही खऱ्या मुलाने माझ्यासमोर भोकाड पसरलं नव्हतं, कारण वीस बायका कितीही मन लावून मूल बनल्या तरी त्यांना आईची आठवण येत नाही.

सगळेच डिप्लोमे असे असतील असं नाही म्हणत मी, कुठे बालवाडीत पाठवतही असतील. मला जे मिळालं ते हे.

डिग्रीला आमच्यासाठी प्रयोगशाळा म्हणजे बालवाडीच होती. पहिले कित्येक दिवस शिकवायचं नाहीच, कोपऱ्यात वही घेऊन बसायचं, एकच मूल निवडायचं आणि वीस मिनिटं ते जे जे करेल ते लिहायचं. मी लिहिलं, "हट्टी आहे." मॅडमनी लाल पेनने गोल केला, म्हणाल्या, तू हट्ट पाहिलास का? तू पाहिलंस की त्याने ठोकळा दिला नाही. तेवढंच लिही. तेव्हा राग आला होता, खरं सांगते. पण पंधरा दिवस तसं लिहिल्यावर कळलं की तो ठोकळा फक्त एकाच मुलाला देत नव्हता, आणि तो मुलगा रोज त्याचा मनोरा पाडायचा. नंतर मी पाठ घ्यायची तेव्हा मागे मॅडम बसलेल्या असायच्या, आणि पाठ फसला तरी चालायचं.

डिग्रीचं कौतुक फार झालं, आता तिचं रडगाणं. डिचोलीहून पणजी, तीन वर्षं, कदंबाच्या बसने, म्हणजे पुलावर ट्रॅफिक लागला की पहिलं लेक्चर गेलंच. वर धागा जाळून वास घ्यायचा आणि कापड ओळखायचं असलं प्रॅक्टिकल, बालवाडीच्या टीचरला हे कशाला ते मला आजही कळलेलं नाही. आणि या डिग्रीने प्राथमिक शाळेचा दरवाजा आपोआप उघडत नाही हेही लक्षात ठेव. सुप्रीम कोर्टाच्या ऑगस्ट 2023 च्या निकालानंतर नुसतं बीएड पहिली ते पाचवीला चालत नाही, डीएलएड म्हणजे प्राथमिक शिक्षकांचा डिप्लोमा लागतो, आपल्याकडे गोव्यात पर्वरीच्या डाएटचा, म्हणजे सरकारी शिक्षक प्रशिक्षण संस्थेचा. तेव्हा "आत्ता डिप्लोमा करते, पुढे बीएड करून पहिलीला जाईन" असा हिशेब कुणी सांगत असेल तर तो जमत नाही.

नवीन शिक्षण धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच टप्पा धरलाय, म्हणजे बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी एकत्र. त्यासाठी चार वर्षांचा आयटेप आहे, म्हणजे डिग्री आणि बीएड एकत्र असलेला कोर्स, बारावीनंतर एनसीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन, बीए-बीएड किंवा बीएस्सी-बीएड. माझ्या वेळी हा असता तर मी बहुतेक तोच घेतला असता. फक्त कॉलेज फाउंडेशनल स्टेज, म्हणजे हाच तीन ते आठचा टप्पा, देतंय का ते फॉर्म भरायच्या आधी विचार, कारण आयटेपमध्ये इतर स्टेजपण आहेत आणि नंतर कळून उपयोग नाही.

इग्नू या मुक्त विद्यापीठाचा डीईसीई राहिला, म्हणजे घरून करायचा बालशिक्षणाचा डिप्लोमा. लग्न झालेल्या, घरी बाळ असलेल्या बाईला मी तोच सांगेन, निदान एक वर्ष, बारावी पुरते. त्याची पुस्तकं फार छान आहेत, इग्नूच्या ईज्ञानकोश वेबसाइटवर फुकट आहेत, तू कुठलाही कोर्स केलास तरी मुलांच्या आहाराची आणि वाढीची वाचून काढ. त्यात प्रोजेक्टला खऱ्या मुलांबरोबर काम आहे हे चांगलं, पण माझ्या चुलत जावेने केला तेव्हा मागे बसून बघायला कुणी नव्हतं, फाइल गेली आणि मार्क आले.

आता तू विचारशील मग करू काय. घरी पैशांची लगेच गरज असेल तर डिप्लोमा कर, मी नावं ठेवणार नाही, माझंही घर त्याच पगारावर वर्षभर चाललंय. पण तीन-चार वर्षं काढता येण्यासारखी असतील तर... बसचा पास मी काढून देते. आणि म्हापशाला चौकशीला जाशीलच, तर फी विचारायच्या आधी एवढं विचार की प्रॅक्टिसला मुलं कुठून आणता.