अजरखपूरचा दुहेरी अजरख दुपट्टा: वापरून, धुऊन, शिवून

साताऱ्यात माझं शिवणकाम आहे. गिऱ्हाईक ‘नॅचरल डाय आहे हो’ म्हणत कापड आणतं आणि पहिल्याच पाण्यात बादली लाल होते, हे मी फार वेळा पाहिलंय. म्हणून गुजरातेत, कच्छमधल्या अजरखपूरला जाऊन, तिथल्या कारागिराच्या छापखान्यातून हा अजरख दुपट्टा घेतला. अजरख म्हणजे लाकडी ठशांनी, वनस्पतींच्या रंगांत छापलेलं तिथलं कापड. अडीच मीटर सुती कापड, दोन्ही बाजूंनी छापलेलं, साडेतीन हजार रुपये. पैसे पुरेपूर वसूल झाले. मात्र याच छपाईतला हिरवा तुकडा मी पुन्हा घेणार नाही.

आधी लाल रंगाविषयी, कारण खरी करामत त्यातच आहे. मंजिष्ठेच्या मुळांत रंग भरपूर असतो, पण सूत तो स्वतःहून धरत नाही. म्हणून कापडाला आधी हिरड्याचं पाणी देतात. पांढरं ठेवायच्या जागी चुना आणि डिंकाचा ठसा मारतात. काळ्या रेषांसाठी गंजकं लोखंड आणि गूळ आंबवून पाणी करतात आणि ते चिंचोक्याच्या पिठाने दाट करतात. लाल हवा तिथे तुरटीचा ठसा. मग निळीत बुडवणं, खळखळून धुणं, आणि शेवटी मंजिष्ठेच्या उकळत्या हंड्यात अख्खं कापड. त्यात धायटीची फुलंही पडतात. त्या हंड्यातून कापड निघतं तेव्हा लाल रंग तुरटीच्याच जागी चढलेला असतो. माझ्या दुपट्ट्याचा लाल पहिल्या धुण्यापासून आजपर्यंत तसूभरही उतरलेला नाही.

ही विद्या किती जुनी असावी? मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेला सुती कापडाचा तुकडा सापडला, तो मंजिष्ठेने रंगवलेला होता. चार हजारांहून जास्त वर्षं झाली त्याला. दुकानदार मात्र तिथल्या ‘पुजारी राजा’च्या मूर्तीचा फोटो दाखवून अंगावरची तीन पाकळ्यांची नक्षी म्हणजेच अजरख, असं ठासून सांगतात. मूर्तीवरून तेवढं सिद्ध होत नाही. मला तो चिंधीएवढा तुकडाच मोलाचा वाटतो. पुढच्या काळाचा भक्कम पुरावा इजिप्तमध्ये आहे: कैरोच्या फुस्तात भागात गुजरातेत छापलेल्या सुती कापडांचे ढीगभर तुकडे मिळाले. समुद्रापार पैसे मोजून लोक हे कापड नेत होते.

कच्छात अजरख नेसायचे ते गुरं राखणारे मालधारी: लुंगी, खांद्यावरचं कापड, डोक्याला पागोटं. दोन्ही बाजूंनी छापलेल्याला तिथे ‘बिपुरी’ म्हणतात. पहाटेच्या अंधारात कुठल्याही बाजूने गुंडाळलं तरी चालावं म्हणून, असं सांगतात. शिवणारीला हे फार सोयीचं, कडेला अस्तर लागत नाही. दोन्ही बाजूंचे ठसे केसभरही सरकलेले नाहीत, ही या मालाची सगळ्यात मोठी खूण. मध्यंतरी स्वस्त रासायनिक रंगांनी हे सगळं मागे पडलं होतं. कच्छातल्याच धमडका गावच्या खत्री मोहम्मद सिद्दीक या कारागिराने १९७० च्या दशकात वनस्पतींचे रंग पुन्हा उभे केले. २००१ च्या भूकंपानंतर तिथल्या पाण्यात लोह वाढलं. लोहाने रंग मळकट होतात, म्हणून भुजजवळ अजरखपूर वसलं. रंगाला पाणी मानवेना म्हणून माणसांनी गाव हलवलं, हे ऐकून मी थक्क झाले.

आता उणी बाजू. नीळ तुरटीवर चढलेल्या लालासारखी सुताला बांधलेली नसते, धाग्यात अडकून बसते. त्यामुळे सुरुवातीला ती घासली की लागते. पांढऱ्या कुर्त्यावर लगेच घेऊ नका, आधी साध्या पाण्यातून दोनतीनदा काढा. हिरवा म्हणजे निळीवर डाळिंबाच्या सालीचा पिवळा; उन्हात पिवळा आधी उडतो आणि हिरव्याचा निळसर होतो. काळ्यावर लिंबू किंवा व्हिनेगर सांडलं तर डाग पांढुरका पडतो. शिवाय लोखंडाचा काळा वर्षानुवर्षांत धागा कमकुवत करतो, म्हणून ब्लाऊज शिवताना ताण पडणारी शिवण मी काळ्या पट्ट्यावरून नेत नाही.

विकत घेताना ‘नॅचरल आहे का?’ एवढंच विचारू नका. ‘लाल मंजिष्ठेचा की अलिझरिनचा?’ असं विचारा. अलिझरिन म्हणजे मंजिष्ठेच्या परदेशी भावंडाच्या, मॅडरच्या मुळांतला मुख्य रंगद्रव्य-रेणू, १८६८ मध्ये जर्मनीत प्रयोगशाळेत बनवलेला. आज बऱ्याच छापखान्यांत तोच वापरतात. तो पक्काच असतो, मला त्याचं वावडं नाही, पण किंमत मंजिष्ठेची लावू नये. माझ्या कारागिराने हे न विचारता सांगितलं, मुळांचं पोतं उघडून दाखवलं. रोज वापरायला दुपट्टा हवा असेल तर लाल-निळा बिपुरी घ्या, सावलीत वाळवा आणि कपाटात घडी अधूनमधून बदला.