सीआयए की रॉ : स्थापनेतील भाऊबंदकी कोणाची अभ्यासावी?

गुप्तचर संस्थेच्या जन्माच्या वेळी खात्याखात्यांत जी ओढाताण होते, तिच्यावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्यापुढे सहसा दोनच नावे येतात : अमेरिकेची १९४७ची सीआयए आणि भारताची १९६८ची रॉ.

मी आधी रॉ घेतली होती. राज्ययंत्रणा ओळखीची होती आणि विषयही रंगतदार होता. १९६२ आणि १९६५च्या युद्धांनंतर परदेशातील हेरगिरी इंटेलिजन्स ब्युरोकडून काढून घेण्यात आली आणि ब्युरोतच वाढलेल्या रामेश्वरनाथ काव यांच्या हाती नवा संसार देण्यात आला. वाटणीने दुखावलेला थोरला भाऊ इथे आयताच मिळतो. घोडे अडले ते कागदांपाशी. रॉ संसदेच्या कायद्याने स्थापन झालेली नसल्यामुळे विधेयकावरील चर्चा नाही आणि माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ने, थोडे अपवाद सोडता, रॉ आणि ब्युरो या दोन्ही संस्थांना वगळलेले आहे. उरतात त्या निवृत्तांच्या आठवणी. मी वहीत ‘कोण’, ‘केव्हा’ आणि ‘कोणता कागद’ असे तीन रकाने आखले होते. वर्ष सरले तरी तिसरा जवळजवळ कोराच होता.

सीआयएच्या बाबतीत तो पहिल्यांदा भरू लागला. ओएसएस या अमेरिकेच्या युद्धकालीन हेरसंस्थेचे प्रमुख डोनोव्हन यांचा मध्यवर्ती गुप्तचर संस्थेसाठीचा नोव्हेंबर १९४४चा प्रस्ताव, तो फेब्रुवारी १९४५मध्ये वर्तमानपत्रांत फुटल्यावर उठलेला गदारोळ (संशय एफबीआयचे प्रमुख हूव्हर यांच्यावर होता, सिद्ध काहीच झाले नाही), त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी ओएसएस मोडून केलेली परराष्ट्र आणि युद्ध खात्यांतील वाटणी, आणि जानेवारी १९४६मध्ये उभा राहिलेला, स्वतःचे अंदाजपत्रक नसलेला, माणसे व पैसा दोन्हींसाठी परराष्ट्र, युद्ध आणि नौदल या खात्यांच्या तोंडाकडे पाहणारा, सीआयएच्या आधीचा मध्यवर्ती गुप्तचर गट : यातील बहुतेक पायऱ्यांची टिपणे छापील मिळतात. १९४७च्या कायद्यात नव्या संस्थेला पोलिसी अधिकार नाहीत असे स्पष्ट लिहिले आहे; ते वाक्य कोणाकोणाच्या धास्तीतून आले, याचा माग त्या टिपणांतून काढता येतो.

तिथेही गाळलेला मजकूर आहेच. परंतु परराष्ट्र खात्याच्या छापील संग्रहात किती ओळी गाळल्या, ते त्या जागी कंसात नोंदवतात. आपल्याकडे काय गाळले आहे, हेच कळत नाही. माझा कौल बदलला तो यामुळे.

ज्यांचा निवृत्त अधिकाऱ्यांशी परिचय आहे, त्यांनी कदाचित रॉच घ्यावी. फक्त ब्युरोत राहिलेल्यांना आणि नव्या संस्थेत गेलेल्यांना शक्यतो वेगवेगळे भेटावे.