डोळा तयार झाला, हिशेब मात्र स्वतःच शिकावा लागला

जुन्या वस्तू धुंडाळण्याचा छंद असलेल्या माणसाला त्या छंदावर उपजीविका करता येईल, असे सांगणारे ऑनलाइन अभ्यासक्रम अलीकडे बरेच निघाले आहेत. त्यांपैकी सोळा आठवड्यांचा एक अभ्यासक्रम मी पूर्ण केला आणि त्यानंतर वर्षभर लहान प्रमाणावर खरेदी-विक्री करून पाहिली, त्यामुळे शिकवलेल्यापैकी काय उपयोगी पडले आणि काय नुसते वहीतच राहिले हे आता खात्रीने सांगता येते. पुढे काही तक्रारी असल्यामुळे संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही. माझे मत आधीच सांगून टाकतो: वस्तू ओळखायला हा अभ्यासक्रम उत्तम शिकवतो, वस्तू विकून घर चालवायला जवळजवळ शिकवतच नाही, आणि जाहिरात नेमकी या दुसऱ्या गोष्टीची केली जाते.

पहिले दहा आठवडे वस्तूंचे वय आणि अस्सलपणा ओळखण्याला दिलेले आहेत, आणि तो भाग इतका जीव ओतून तयार केला आहे, की तेवढ्यासाठीसुद्धा अभ्यासक्रम घ्यावा असे वाटते. सुरुवात ब्रिटिश चांदीवरच्या ठशांपासून, म्हणजे शुद्धता तपासून उमटवलेल्या खुणांपासून होते, कारण ठशांची इतकी दीर्घ आणि शिस्तबद्ध परंपरा फार थोड्या ठिकाणी सापडते. चालणारा सिंह म्हणजे स्टर्लिंग, अर्थात १००० भागांत ९२५ भाग शुद्ध चांदी. बिबट्याचे मुख म्हणजे तपासणी लंडनला झालेली. जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम. आणि जुन्या मालावरचा मुकुट म्हणजे शेफील्ड. बर्मिंगहॅम आणि शेफील्ड या दोन्ही ठिकाणची तपासणी कार्यालये १७७३ साली सुरू झाली, त्यामुळे त्याआधीची म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूवर नांगर दिसला, तर पुढची चौकशी करण्याचे कारणच उरत नाही. वर्षदर्शक अक्षराचा केवळ आकार पाहून भागत नाही, त्याची लिपी आणि त्याभोवतीच्या ढालीची कड हीसुद्धा पाहावी लागते, हे शिक्षकांनी दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून टिपलेल्या छायाचित्रांवर पुन्हापुन्हा दाखवले.

तरीही माझी पहिली खरेदी फसलीच. एका चहाच्या किटलीच्या तळाशी ढालींमध्ये ओळीने चार अक्षरे होती, मी ती चांदीचे ठसे समजलो आणि बोली लावून मोकळा झालो. ती अक्षरे वीजप्रक्रियेने मुलामा दिलेल्या निकेल-सिल्व्हरची खूण होती, आणि निकेल-सिल्व्हर या मिश्रधातूत नाव सोडले तर चांदी औषधालाही नसते. इंग्लंडमधील उत्पादक एल्किंग्टन यांनी १८४० साली या पद्धतीचे पेटंट घेतल्यानंतर मुलामा दिलेल्या वस्तूंचा बाजारात पूर आला आणि पुष्कळ उत्पादकांनी आपली अक्षरे मुद्दाम अस्सल ठशांच्या थाटात उमटवली. गृहपाठ म्हणून मी तिची छायाचित्रे पाठवली, तेव्हा शिक्षकांनी एवढेच विचारले, की यात सिंह कुठे आहे? त्या एका प्रश्नाने मी जे शिकलो ते तीन व्याख्यानांनी शिकवले नव्हते. गृहपाठ तपासण्याची ही पद्धत या अभ्यासक्रमाची सर्वांत मोलाची बाजू आहे.

लाकडी सामानाचा भागही तितकाच भक्कम आहे. वस्तूच्या दर्शनी बाजूवर विश्वास ठेवू नये, ड्रॉवर बाहेर काढून त्याचे कोपरे, तळ आणि पाठ पाहावी, हा तिथला पहिला धडा. हाताने कापलेल्या डोव्हटेल सांध्यांचे, म्हणजे कोपऱ्यात एकमेकांत अडकवलेले पंख्याच्या आकाराचे दात थोडे कमीजास्त असतात, यंत्राने कापलेले सगळे एकसारखे असतात. लाकडावर कमानीसारखे वळलेले करवतीचे ओरखडे दिसले, तर ते गोल पात्याच्या करवतीचे आणि म्हणून बहुधा एकोणिसाव्या शतकातले किंवा नंतरचे. आणि फुलीच्या खाचेचा स्क्रू १९३०च्या दशकातला असल्याने तो जुन्या कपाटात आढळला, तर निदान दुरुस्ती झाली आहे हे नक्की. मला सर्वांत आवडलेली कसोटी गोल टेबलाची होती. लाकूड वर्षानुवर्षे आपल्या रेषांच्या आडव्या दिशेने आक्रसते, रेषांच्या लांबीत जवळजवळ नाही, म्हणून अखंड लाकडाचे जुने गोल टेबल दोन दिशांनी मोजले, तर ते किंचित लंबगोल निघते. नवीन नक्कल करणारा रंग, ओरखडे, किड्यांची भोके सगळे आणतो, पण हे आक्रसणे आणायचे बहुधा विसरतो.

चिनी मातीच्या भांड्यांवरचे पाठ त्या मानाने घाईत उरकले आहेत. १८९०च्या मॅकिन्ली कायद्यानंतर अमेरिकेत येणाऱ्या मालावर मूळ देशाचे नाव घालणे आवश्यक झाले, जपानी मालावर १९२१पर्यंत ‘निप्पॉन’ आणि नंतर ‘जपान’ असे लिहिले जाऊ लागले, ही माहिती कालनिर्णयासाठी अत्यंत सोयीची आहे. पण सगळा माल अमेरिकेसाठी बनत नव्हता आणि नाव लिहिलेली चिकटवलेली चिठ्ठी गळूनही पडते, त्यामुळे देशाचे नाव नाही म्हणून वस्तू जुनी असे उलटे अनुमान काढता येत नाही, ही सावधगिरी कुठेच दिलेली नाही. अतिनील टॉर्चचा पाठ छोटा असला तरी नेटका आहे. युरेनियम मिसळलेली काच त्या प्रकाशात हिरवी चमकते, आणि निळसर पांढरा उजळणारा कागद बहुधा दुसऱ्या महायुद्धानंतरचा असतो, एवढे कळल्यावर ‘जुन्या’ नकाशांचे कित्येक गठ्ठे मी शांतपणे परत ठेवले.

व्यवसायाचा भाग अकराव्या आठवड्यापासून सुरू होतो आणि तिथे अभ्यासक्रमाची उंची एकदम खाली येते. दुकानाचे नाव कसे निवडावे, छायाचित्रात पार्श्वभूमी कोणती असावी, समाजमाध्यमांवर किती वेळा दिसावे, यावर पानेच्या पाने खर्ची घातली आहेत. लिलावाचा हिशेब मात्र अर्ध्या पानात आटोपला आहे, वास्तविक नवखा विक्रेता बुडतो तो तिथेच. हातोडा १०० वर पडला आणि खरेदीदाराकडून घेतले जाणारे शुल्क २५ टक्के असले, तर वस्तू आपल्याला १२५ला पडते. तीच वस्तू पुन्हा लिलावात घातली आणि विक्रेत्याचे कमिशन १५ टक्के धरले, तर गुंतवलेले १२५ परत मिळण्यासाठी हातोडा सुमारे १४७ वर पडावा लागतो. म्हणजे भाव जवळजवळ निम्म्याने वाढला तरी हाती नफा शून्य, आणि त्यात वाहतूक, दुरुस्ती, साठवण व कर धरलेलेच नाहीत. हे गणित मला तिसऱ्या तोट्यानंतर स्वतः मांडावे लागले.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. शोध घेणाऱ्याचा आनंद वस्तू सापडली की संपतो, व्यापाऱ्याचे काम तिथून सुरू होते, आणि ही मनाची अडचण अभ्यासक्रमात कुणी बोलूनसुद्धा दाखवत नाही. मी वर्षअखेरीस नोंदवही उघडली तेव्हा खरेदीच्या रकान्यात तेवीस नोंदी होत्या आणि विक्रीच्या रकान्यात नऊ. उरलेल्या चौदा वस्तूंपैकी निम्म्या मला आवडत होत्या म्हणून मी भाव चढा ठेवला होता, हे मान्य करायला मला थोडा वेळ लागला. अभिरुची बदलते याचाही पाठांत पुरेसा विचार नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले गडद महॉगनीचे सामान एकेकाळी हुकमी विकले जाई, गेल्या दोन-अडीच दशकांत त्याचे भाव बरेच कोसळले, तरी पाठांतली उदाहरणे त्या जुन्या तेजीच्या काळातलीच आहेत.

कायद्याला दिलेले एकच पान ही माझी सर्वांत गंभीर तक्रार. सांस्कृतिक मालमत्तेच्या बेकायदा व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा १९७०चा करार तिथे नावापुरता येतो. धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या, १९७५पासून अमलात असलेल्या साइट्स करारामुळे कासवाचे कवच, काही जातींचे लाकूड आणि हस्तिदंत सीमेपलीकडे पाठवताना परवाने लागतात, आफ्रिकी हत्तीच्या दंताचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९८९च्या निर्णयाने जवळजवळ बंद झाला, आणि त्यापलीकडे प्रत्येक देशाचे निर्यातीचे आपापले निर्बंध असतात. हस्तिदंती मूठ असलेली किटली पाठवणाऱ्याला हे आधी कळले पाहिजे, पार्सल अडकल्यावर नव्हे. वस्तूच्या मालकीचा पूर्वेतिहास कागदोपत्री कसा जपावा, आणि वर्णनात ‘अमुक काळातली’ व ‘अमुक शैलीतली’ या दोन शब्दप्रयोगांमधला फरक विक्रेत्याला किती महागात पडू शकतो, यावरही एकेक स्वतंत्र पाठ हवा होता. मी या सूचना संस्थेला लेखी कळवल्या. नम्र पोच आली, पाठ होता तसाच आहे.

शेवटी मिळणारे प्रमाणपत्र भिंतीवर छान दिसते, आजवर एकाही ग्राहकाने ते पाहायला मागितलेले नाही. ज्याला ओळखण्याचे कौशल्य शिस्तीने शिकायचे आहे आणि ज्याच्याकडे उत्पन्नाचे दुसरे साधन आहे, त्याने हा अभ्यासक्रम जरूर घ्यावा. नोकरी सोडण्याच्या बेतात असलेल्याने आधी एखाद्या चालत्या दुकानात किंवा लिलावगृहात काही महिने काम करावे, मग याकडे वळावे. एक व्यावहारिक गोष्ट नोंदवून ठेवतो: व्याख्याने एक वर्षच पाहता येतात आणि उतरवून घेता येत नाहीत, म्हणून ठशांचे तक्ते पहिल्या आठवड्यापासून हाताने वहीत काढत जावेत. माझ्या वहीत त्या किटलीची चारही अक्षरे पहिल्याच पानावर आहेत. किटली नंतर खऱ्या वर्णनासह विकली गेली, खरेदीच्या निम्म्या भावात.