पिल्लांसाठी ब्रीडर बॉक्स घ्यावा की वेगळा टँक लावावा?

गप्पी, मॉली, प्लॅटी यातला कुठलाही मासा ठेवला की हा प्रश्न येतोच. सकाळी लाईट लावतो आणि मॉसच्या (शेवाळासारखी पाणवनस्पती) कडेला दोन टिंबांएवढे डोळे दिसतात, आणि मागे पिल्लाची सख्खी आई त्याच्याकडे नाश्ता आल्यासारखी बघत असते. या माशांना आपली पिल्लं, दुसऱ्याची पिल्लं असा काही भेदच नाहीये, तोंडात मावतंय ना मग खायचं. मी दोन्ही प्रकार करून बसलोय, बॉक्स आधी आणि टँक नंतर, म्हणून जे जमलं नाही तेही सांगतो. (हे सगळं पिल्लं देणाऱ्या माशांपुरतं हं, अंडी घालणाऱ्यांचं गणित वेगळं. टेट्रा, डॅनिओ अंडीच खाऊन टाकतात, आणि एंजेलची जोडी उलट स्वतःच राखण करत बसते, मूड असेल तर.)

ब्रीडर बॉक्स म्हणजे मेन टँकच्या आत टांगायचा दोन कप्प्यांचा छोटा डबा, आणि त्याची आयडिया ऐकायला एकदम छान वाटते. मादीचं पोट चौकोनी झालं, मागचा काळा डाग गडद झाला की तिला वरच्या कप्प्यात सोडायचं, पिल्लं फटीतून खाली पडतात आणि वाचतात. पण तो नेमका दिवस ओळखायचा कसा? तीन ते चार आठवड्यांत कधीही, एवढंच आपल्याला माहीत असतं. लवकर टाकली तर ती चार-चार दिवस आत आदळआपट करते. माझ्या काळ्या मॉलीने तर घाबरून आधीच पिल्लं टाकली, पोटाला पिवळा बलक अजून लटकत होता, त्यातलं एकही राहिलं नाही. उशिरा टाकली तर रात्रीत मेन टँकमध्येच सगळं आटपलेलं असतं आणि सकाळी बाई सपाट पोटाने फिरत असतात. आणि ती फट म्हणजे वन-वे नसते बरं का, खाली गेलेलं पिल्लू आरामात पोहत परत वर आईकडे येतं.

तरी हे सगळं मी चालवून घेतलं असतं. माझं डोकं फिरलं ते साफसफाईवरून.

पिल्लांना दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं द्यावं लागतं, एकदाच भरपूर टाकून भागत नाही. बॉक्समध्ये पाणी असतं जेमतेम दीड-दोन लिटर, बाजूच्या बारीक भोकांतून पाण्याची अदलाबदल होते म्हणतात पण ती नावालाच, त्यामुळे चुरलेल्या फ्लेक्सचं जे उरतं ते तळाशी बसतं आणि दुसऱ्या दिवशी त्यावर पांढरी बुरशी. मग ड्रॉपर घेऊन रोज तो कचरा ओढायचा. आता गंमत अशी की जन्मलेली गप्पीची पिल्लं असतात सात-आठ मिलिमीटरची, पहिले काही दिवस बरीचशी तळालाच टेकून असतात, आणि ड्रॉपरमध्ये आलेला फ्लेकचा तुकडा आणि आलेलं पिल्लू सेम दिसतं. म्हणजे प्रत्येक ड्रॉपर आधी पांढऱ्या वाटीत रिकामा करायचा, वाटीत कोण हलतंय बघायचं, जे हलतंय ते परत बॉक्समध्ये, मग पुढचा ड्रॉपर. ऑफिसला निघायच्या आधी रोज पंधरा-वीस मिनिटं हाच उद्योग. एकदा घाईत वाटी न बघता बेसिनमध्ये ओतली, त्यात काही होतं की नाही हे मला आजपर्यंत कळलं नाहीये आणि बहुतेक म्हणूनच ते जास्त लागलं. उकडलेल्या अंड्याचा बलक तर बॉक्समध्ये टाकूच नका, तासाभरात पाणी दुधासारखं.

जाळीच्या बॉक्समध्ये पाणी चांगलं खेळतं, हे त्याला द्यावं लागेल. पण मोठे मासे खालून जाळीला तोंड लावून बसतात आणि पिल्लू जाळीला चिकटलं की शेपटी ओढतात. आणि जाळीच्या शिवणीत पिल्लं अडकतात. टँकच्या बाहेर लटकवायचा एक प्रकार असतो, एअर पंपावर मेन टँकचं पाणी सतत आत येत राहतं, तो या सगळ्यात बरा वाटला मला, एका मित्राकडे बघितलाय. पण जागा त्यातही तेवढीच आणि ड्रॉपर त्यालाही लागतोच.

आता वेगळा टँक. माझा वीस लिटरचा आहे, खाली खडी नाही, काही नाही, उघडी काच. एक स्पंज फिल्टर आणि मुठीएवढा जावा मॉस. स्पंज आधी तीन-चार आठवडे मेन टँकमध्येच चालवलेला, म्हणजे त्यात घाणीतला अमोनिया संपवणारे बॅक्टेरिया तयार असतात आणि पहिल्याच आठवड्यात अमोनियाने पिल्लं जात नाहीत. हे मात्र विसरू नका, नवा कोरा स्पंज लावून लगेच पिल्लं सोडली तर बॉक्स परवडला असं म्हणायची वेळ येईल. पाणीसुद्धा मेन टँकचंच भरायचं.

आईला मी हलवतच नाही. मेन टँकमध्ये एका कोपऱ्यात मॉस आणि हॉर्नवर्ट (ही पण पाणवनस्पतीच) दाट करून ठेवलंय, फिल्टरच्या तोंडाला स्पंज लावलाय (नाहीतर पिल्लं आधी तिथेच जातात), ती तिच्या वेळेने तिथे पिल्लं देते, आणि सकाळी मी कपाने जेवढी दिसतील तेवढी उचलतो. तीसातली वीस मिळतात कधी, कधी आठच. सगळी वाचलीच पाहिजेत असा हट्ट असेल तर ही पद्धत तुमच्यासाठी नाही, पण एक लक्षात घ्या, गप्पीची मादी एकदा नराबरोबर राहिली की पुढे नर नसतानाही महिन्या-महिन्याने पिल्लं देत राहते, त्यामुळे सगळी वाचवून ठेवणार कुठे हाही प्रश्न आहेच.

सफाई म्हणाल तर उघड्या काचेवर कचरा लगेच दिसतो, एअरच्या पातळ नळीच्या टोकाला जुना सॉक बांधायचा आणि ओढायचं, पिल्लू सॉकपाशी अडतं. बारीक कचराच तेवढा जातो हे खरं, पण एवढ्या पाण्यात राहिलेलं थोडंफार चालून जातं. दोन दिवसाआड पाचेक लिटर पाणी बदललं की झालं. आणि पिल्लं वाढतातही भराभर. मी पट्टीने मोजलं नाही, पण बॉक्समधली महिन्याची आणि टँकमधली तीन आठवड्यांची मला सारखीच दिसली.

तोटे आहेतच. आणखी एक पंप, आणखी एक प्लग, थंडीत आणखी एक हीटर, आणि घरातल्यांचा 'अजून एक टँक?' असा चेहरा. वर्षातून एखाद-दोन वेळाच पिल्लं होत असतील, किंवा घरी जागाच नसेल, तर बॉक्स घ्या, मी नाही म्हणणार नाही. फक्त तो फिल्टरच्या प्रवाहासमोर टांगा, तळाला जाड काही ठेवू नका, मादीने पिल्लं दिली की लगेच तिला बाहेर काढा, आणि पांढरी वाटी हाताशी ठेवा.

माझा बॉक्स मी टाकून दिला नाहीये. पिल्लं दीडेक सेंटिमीटरची झाली, मोठ्यांच्या तोंडात मावेनाशी झाली की मेन टँकमध्ये सोडायच्या आधी एक-दोन दिवस बॉक्समध्ये ठेवतो, मोठे मासे येऊन वास घेऊन जातात, सवय होते. मधेच एखादा नर कोणाच्या मागे लागून शेपट्या फाडायला लागला तर त्यालाही दोन दिवस आत टाकतो. सध्या तोच आहे आत.