चर्चिलची अस्वलं: मुक्काम गावात करावा की किनाऱ्यावरच्या लॉजवर?

ध्रुवीय अस्वलं बघायला लोक जातात त्या, कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या चर्चिल गावाला रस्ता जात नाही. विनिपेगहून विमान धरायचं, नाहीतर सुमारे 1,700 किलोमीटर रेल्वेने, दोन रात्री डब्यात काढून जायचं. म्हणजे गावात उतरलात तरी तुम्ही आडबाजूलाच आलेले असता. मग तिथून छोट्या विमानाने आणखी पुढे, हडसन उपसागराच्या काठावरच्या एकट्या लॉजवर कशाला जायचं? हा प्रश्न इथल्या ओळखीच्या मराठी घरांतून मला बरेचदा विचारला जातो, आणि बहुतेक वेळा पुढचं वाक्य असतं, "आई-बाबा पुण्याहून येणार आहेत."

पैशांचं आधी सांगते, कारण बऱ्याच जणांचा निर्णय तिथेच होतो. लॉजचं चार-सहा दिवसांचं पॅकेज माणशी पाच आकडी डॉलरमध्ये जातं. गावात हॉटेल घेऊन टुंड्रा बग्गीची, म्हणजे अस्वलं दाखवणाऱ्या उंच गाडीची सहल केली तर त्या सहलीचे दिवसाला माणशी काही शे डॉलर लागतात. हॉटेल, विमान धरूनही खर्च बराच कमी.

पण खरा फरक तुमच्या आणि अस्वलाच्या मध्ये काय असतं, यात आहे.

उन्हाळ्यात उपसागराचा बर्फ वितळला की ध्रुवीय अस्वलं किनाऱ्यावर येतात. सील मिळत नाहीत, त्यामुळे काही महिने ती जवळजवळ उपाशीच असतात. चर्चिल नदीचं गोडं पाणी उपसागरात मिसळतं तिथे बर्फ लवकर धरतो, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात ती या भागात थांबून राहतात. बग्गी म्हणजे माणसाएवढ्या उंच टायरांची, बसच्या दुप्पट रुंदीची वाटावी अशी गाडी. आत ऊब असते, मागे शौचालय असतं. अस्वल मागच्या पायांवर उभं राहून पंजे गाडीला टेकवतं तेव्हा त्याचा श्वास दिसतो. तरी तुम्ही वर असता आणि ते खाली.

लॉजवर तुम्ही जमिनीवर असता. कुंपणाबाहेर पडलं की पुढे बंदूकधारी वाटाड्या आणि मागे सगळे एका रांगेत, एकमेकांच्या जवळ. बोलायचं नाही, वाटाड्या थांबला की थांबायचं. समोर शे-दीडशे मीटरवर एक नर आडवा पडलेला असतो, तो डोकं उचलून तुमच्याकडे बघतो, आणि ती नजर तुमच्याच उंचीवर असते. वाऱ्याशिवाय कसलाही आवाज नाही. या काही मिनिटांसाठीच लोक एवढे पैसे देतात, आणि माझ्या मते ते योग्य आहे. बग्गीच्या खिडकीशी वीस जणांच्या कॅमेऱ्यांत हे मिळत नाही.

मात्र ओबडधोबड दगडांतून, ओल्या शेवाळातून तास-दोन तास चालता यायला हवं. आईचे गुडघे दुखत असतील तर आग्रह करू नका. ती चालेल, पण अस्वलाऐवजी पायाखालीच बघत राहील. चर्चिलमध्ये आरोग्य केंद्र आहे. लॉजवरून तिथे पोहोचायचं तर हवेने उडू द्यायला हवं. मधुमेह, रक्तदाब ताब्यात नसेल तर गावच बरं.

जेवणाचंही तसंच. लॉजवर मिठापासून सगळं विमानाने येतं, त्यामुळे "आम्ही शाकाहारी, अंडंही नाही" हे नोंदणी करतानाच लिहून कळवा. तिथे पोहोचल्यावर सांगितलंत तर स्वयंपाकी मनात असूनही फारसं काही करू शकणार नाही. छोट्या विमानात सामानाच्या वजनाला मर्यादा असते, तरी मेतकूट आणि लोणच्याची पुडी त्यात सहज बसते.

गावाच्या बाजूने एक गोष्ट क्वचित कोणी सांगतं. चर्चिल म्हणजे फक्त अस्वलं नव्हेत. ते जेमतेम 900 वस्तीचं जितंजागतं गाव आहे. अचानक अस्वल समोर आलं तर कोणालाही आत शिरता यावं म्हणून लोक गाड्या कुलूप न लावता ठेवतात. गावात घुसणाऱ्या अस्वलांना ठेवायची वेगळी इमारत आहे. तिथून त्यांना हेलिकॉप्टरने दूर सोडतात. इट्सानिताक संग्रहालयातलं, उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांचं कोरीवकाम पाहायला अर्धा दिवस तरी ठेवा. आणि गावाबाहेर डेने व्हिलेजच्या जागी जाऊन या. 1956 साली सरकारने सायिसी डेने या आदिवासी लोकांना त्यांच्या शिकारीच्या मुलखातून उचलून इथे आणून टाकलं. थंडी, आगी, दारू, उपासमार यांत त्यांतले जवळपास एक तृतीयांश लोक गेले. उरलेले 1973 च्या सुमारास टॅडूल सरोवराकडे परतले, आणि केंद्र सरकारची माफी यायला 2016 साल उजाडलं. हे न बघता फक्त अस्वलांचे फोटो घेऊन परतणं मला पटत नाही. लॉजला जाणाऱ्यांनीही त्यासाठी गावात एक रात्र काढावी.

ऋतूचं थोडक्यात. जुलै-ऑगस्टमध्ये नदीच्या मुखाशी हजारो बेलुगा, म्हणजे पांढरे देवमासे, येतात. ते गावातूनच बघा, त्यासाठी लॉज लागत नाही. उत्तरेचा प्रकाश, म्हणजे नॉर्दर्न लाइट्स, हवा असेल तर फेब्रुवारी-मार्च, कारण शरदात उपसागर उघडा असल्यामुळे आकाश बहुधा ढगाळ असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये उणे 30 सहज होतं, आणि अस्वलं बर्फावर निघून गेलेली असतात.

पश्चिम हडसन उपसागरातल्या अस्वलांची गणना 2016 साली 842 होती, 2021 साली 618. त्यामुळे "पुढे कधीतरी बघू" म्हणणाऱ्यांना मी थांबायला सांगत नाही. आई-बाबांसोबत पहिल्यांदा जाणार असाल तर गावात चार रात्री आणि बग्गीचे दोन दिवस. दोघंच असाल, चालायची सवय असेल आणि यासाठी तीन-चार वर्षं पैसे बाजूला टाकले असतील तर लॉज. दोन्हींत परतीच्या विमानाआधी विनिपेगमध्ये दोन दिवस मोकळे ठेवा. धुकं किंवा हिमवादळ आलं की लॉजचं विमान उडत नाही, आणि मुंबईचं विमान तुमच्यासाठी थांबणार नाही.