दरमहा तीस हजारांचे विचार : एका लिंक्डइन लेखनसेवेचा वर्षभराचा अनुभव

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टेरी टॉवेल विणणाऱ्या एका मध्यम कारखान्याचे मार्केटिंग मी पाहतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये आम्ही बाहेरगावच्या एका संस्थेशी वर्षभराचा करार केला. सेवेचे नाव ‘थॉट लीडरशिप पॅकेज’ असे होते. मराठीत त्याला वैचारिक नेतृत्व म्हणावे लागेल, पण तो शब्द उच्चारताना आमच्या मालकांनाही हसू आवरले नाही. दर महिन्याला माझ्या नावाने लिंक्डइनवर आठ पोस्ट, सरकत्या पानांच्या दोन पुस्तिका, कंपनीच्या पेजची देखभाल आणि महिनाअखेर एक अहवाल, एवढे काम ठरले. मोबदला दरमहा ३० हजार रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी आणि पहिल्या तीन महिन्यांचे पैसे आगाऊ. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण याच धर्तीची आणखी दोन कोटेशन माझ्या टेबलावर पडून आहेत आणि त्यांच्यातला फरक फक्त रकमेचा आहे.

ही सेवा घेण्यामागे कारण होते. सोलापुरी चादर आणि सोलापूरचा टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, तरी परदेशातील खरेदी अधिकाऱ्याला टॉवेल म्हटले की मोठ्या कंपन्या आठवतात, गाव आठवत नाही. पूर्वी प्रदर्शनात स्टॉल लावला की काम भागत असे. आता तोच अधिकारी प्रदर्शनाला येण्यापूर्वी लिंक्डइनवर आपले नाव शोधतो आणि समोरच्या माणसाला मालातले काय कळते, याचा अंदाज तिथेच बांधतो. तेव्हा तिथे आपले काही वाचण्याजोगे असावे, हा हिशेब चुकीचा नव्हता आणि आजही मला तो चुकीचा वाटत नाही.

आधी चांगले सांगतो. संस्थेचे इंग्रजी संपादन उत्तम होते आणि त्यांची डिझायनर त्याहून उत्तम. टॉवेलचा जीएसएम, म्हणजे दर चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन, कसा तपासावा, यावर तिने नऊ पानांची एक पुस्तिका केली. टॉवेलचे वजन भागिले त्याचे क्षेत्रफळ, एवढेच ते गणित आहे. ७५ सेंटीमीटर बाय १५० सेंटीमीटरचा टॉवेल ५०० जीएसएमचा असेल, तर तो ५६२.५ ग्रॅम भरला पाहिजे; काट्यावर पाचशेच ग्रॅम भरला, तर तुम्हाला साडेचारशेच्या आतला माल ५०० म्हणून विकला गेला आहे. तिने तराजूचे चित्र पहिल्या पानावर न टाकता चौथ्या पानावर ठेवले आणि पहिल्या पानावर फक्त ‘५६२.५’ हा आकडा छापला. माणूस पाने सरकवत तराजूपर्यंत जातोच. या पुस्तिकेमुळे हॉटेलांना माल पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याने नमुने मागवले. वर्षभरात या सेवेतून थेट आलेली ती पहिली खरी चौकशी.

खरा प्रश्न मजकुराचा होता. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी संस्थेचा लेखक माझी पाऊण तास मुलाखत घेत असे. तुमच्या प्रवासातला सर्वात मोठा धडा कोणता, अपयशाने तुम्हाला काय शिकवले, तरुणांना काय सांगाल, असे त्याचे प्रश्न असत. मी बावीस वर्षे टॉवेल विकतो आहे. मला प्रवासापेक्षा धाग्याविषयी अधिक सांगता येते. म्हणून डिसेंबरच्या मुलाखतीच्या वेळी मी फोन घेऊन तपासणी खात्यात गेलो. तिथे आमचे जॉबर, म्हणजे मागांची देखभाल पाहणारे कारागीर, एका पसरट पातेल्यात पाणी घेऊन टॉवेलचे चौकोनी तुकडे टाकून पाहत होते. एक तुकडा तीन-चार सेकंदांत तळाशी गेला. दुसरा, हाताला त्याहून मऊ लागणारा, पाण्यावर तरंगत राहिला. लेखकाने विचारले की हे काय चालले आहे. जॉबर म्हणाले, “साहेब, हात लावल्यावर मऊ लागतंय, पण पाणी पीत नाही बगा. पाणी पिईना तो टॉवेल कसला?”

या एका वाक्यात सांगण्यासारखे पुष्कळ होते. दुकानात टॉवेल हाताने निवडला जातो, म्हणून फिनिशिंगच्या वेळी सिलिकॉनचा सॉफ्टनर चढवून तो मऊ केला जातो. साधे सिलिकॉन धाग्यावर पाणी न धरणारा पातळ थर चढवते आणि नवा टॉवेल अंग पुसण्याऐवजी पाणी नुसते पसरवतो. काही धुलाईनंतर तो थर उतरतो आणि टॉवेल पाणी ओढू लागतो. पण पाणी धरणारेही सिलिकॉन मिळते. ते महाग पडते आणि चांगला कारखाना निर्यातीच्या मालाला तेच वापरतो. मी हे सगळे लेखकाला सांगितले. प्रसिद्ध झालेल्या पोस्टमध्ये मात्र शेवटचे दोन मुद्दे गायब होते आणि ‘मऊ टॉवेल तुमची फसवणूक करतो’ अशी सुरुवात होती. का कापले, असे विचारल्यावर उत्तर आले की इतके बारकावे दिले की वाचक निघून जातो.

वाचक निघून गेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रसायने पुरवणाऱ्या एका कंपनीतील तांत्रिक अधिकाऱ्याने त्या पोस्टखाली अत्यंत सभ्य शब्दांत विचारले की आपल्याला पाणी धरणाऱ्या सिलिकॉनची माहिती नाही काय. त्या पोस्टला वर्षातले सर्वाधिक वाचक मिळाले होते आणि त्यातला नेमका जाणकार माणूस मला अडाणी समजून बसला होता. मी स्वतः दोन परिच्छेदांचे उत्तर लिहिले. गंमत अशी की पुढे ज्या तीन लोकांनी मला संदेश पाठवले, त्या तिघांनीही मूळ पोस्टचा नव्हे, त्या उत्तराचा उल्लेख केला.

चित्रांचीही तीच कथा. टेरी म्हणजे उभ्या धाग्याचे फंदे काढून विणलेले कापड. त्या फंद्यांतच पाणी साठते. संस्थेने मात्र आमच्या टेरीवरील पोस्टला बाजारातून विकत घेतलेले छायाचित्र जोडले आणि त्यात होता फंदा नसलेला, सपाट विणीचा, गोंडे लावलेला टॉवेल. नागपूरच्या आमच्या डीलरने फोन करून विचारले की नवीन माल काढला काय. जानेवारीत तर कळसच झाला. संक्रांतीसाठी पतंगांचे चित्र आणि ‘उंच उडा’ असा संदेश १३ तारखेला दुपारी टाकला गेला. त्या दिवशी दुपारी सोलापूर कुठे असते, हे सोलापुरात चार दिवस राहिलेल्या माणसालाही ठाऊक असते. सिद्धेश्वरांच्या यात्रेतला अक्षता सोहळा संमती कट्ट्यावर त्याच दिवशी असतो, पांढऱ्या बाराबंदीतली माणसे नंदीध्वजांबरोबर चालत असतात आणि आमचा निम्मा कारखाना त्या गर्दीत असतो. पतंग कोणी पाहिला नाही, हे एका अर्थी बरेच झाले.

सर्वात महाग पडलेली चूक ऑगस्ट २०२५ मधली. अमेरिकेने भारतीय मालावर ७ ऑगस्टपासून २५ टक्के आणि २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के जादा आयातशुल्क लावले. सुती टेरी टॉवेलवर मुळात ९.१ टक्के शुल्क होतेच, म्हणजे एकूण ५९.१ टक्के. तेथील शुल्क मालाच्या एफओबी किमतीवर, म्हणजे पुढचे भाडे आणि विमा न धरता जहाजावर चढवेपर्यंतच्या किमतीवर, आकारले जाते. त्यामुळे एक डॉलरच्या टॉवेलवर आयातदाराला बंदरातच ५९ सेंट मोजावे लागणार होते. कारखान्यात रात्री उशिरापर्यंत फोन चालू होते आणि वाटेत असलेल्या मालाचे काय, हा एकच प्रश्न सगळ्यांच्या तोंडी होता. नेमक्या त्याच आठवड्यात माझ्या नावाने ‘मागाकडून शिकलेले नेतृत्वाचे पाच धडे’ प्रसिद्ध झाले. महिन्याचे वेळापत्रक आधीच मंजूर झालेले होते आणि बदल हवा असल्यास कामाचे तीन दिवस आधी कळवावे, असे करारात लिहिलेले होते. मी सकाळी दहाला कळवले. ‘नोंद घेतली आहे’ असे उत्तर संध्याकाळी आले आणि धडे त्याआधीच लोकांपर्यंत पोहोचले होते.

त्या रात्री मी स्वतः लिहायला बसलो. मूळ शुल्क, जादा शुल्क, एफओबीवरचा हिशेब, सूट द्यायची झाल्यास विणणारा, निर्यातदार आणि आयातदार यांच्यात ती कशी वाटली जाऊ शकते आणि कोणत्या जीएसएमच्या मालात ती मुळीच परवडत नाही, असे साध्या इंग्रजीत मांडले. भाषा ओबडधोबड होती. वाचकसंख्या संस्थेच्या कोणत्याही पोस्टपेक्षा कमी होती. पण आमच्या दोन जुन्या ग्राहकांच्या खरेदी विभागांनी तो हिशेब आपापल्या बैठकीत वापरल्याचे मला कळवले.

महिनाअखेरच्या अहवालात मात्र धडे पुढे होते आणि हिशेब मागे. अहवालात मुख्यतः दोन गोष्टी असत, इम्प्रेशन्स आणि सोशल सेलिंग इंडेक्स, म्हणजे विक्रीसाठी आपण लिंक्डइन किती चांगले वापरतो याचे लिंक्डइननेच दिलेले गुण. लिंक्डइनवरील कंपनीच्या पेजच्या आकडेवारीत, पोस्ट निम्मी पडद्यावर ३०० मिलिसेकंद दिसली तरी एक इम्प्रेशन धरले जाते. म्हणजे अंगठ्याने वर ढकलता ढकलता नजरेखालून गेलेली पोस्टही त्यात येते. इंडेक्स शंभरापैकी असतो आणि प्रत्येकी पंचवीस गुणांच्या चार भागांत मोजला जातो. आमचा इंडेक्स वाढला, हे खरे. पण तो वाढवणाऱ्या प्रतिसादांकडे मी एकदा नीट पाहिले, तेव्हा पोस्ट पडल्यावर पहिल्या दहा मिनिटांत त्याच बारा-पंधरा माणसांनी ‘फार मोलाचे विचार’ अशा अर्थाचे लिहिलेले आढळले. त्यांतल्या कोणाचाही टॉवेलशी संबंध नव्हता. संस्थेचे ग्राहक एकमेकांच्या पोस्टवर ठरवून लिहीत होते आणि माझ्या नावानेही दुसऱ्यांच्या पोस्टवर तसेच लिहिले जात होते. असा बनावट प्रतिसाद लिंक्डइनच्या नियमांत बसत नाही. मी एका विमा सल्लागाराच्या विचारांचे मनापासून कौतुक केले आहे, हे मला तेव्हाच कळले.

ते शक्य झाले, कारण मी माझा पासवर्ड त्यांना दिला होता. ही चूक सर्वस्वी माझी. व्यक्तिगत खात्याचा पासवर्ड दुसऱ्याला देऊ नये, असे लिंक्डइनच्या सदस्य करारातच आहे. कंपनीच्या पेजवर मात्र दुसऱ्याला अधिकृतपणे प्रशासक नेमता येते आणि त्याचे अधिकारही कमीजास्त ठेवता येतात. शिवाय माणसाची व्यक्तिगत पोस्ट त्याच्या संमतीने कंपनीच्या पैशाने जाहिरात म्हणून पुढे नेण्याची सोय २०२३ पासून आहे. म्हणजे पासवर्ड न देताही हे काम होऊ शकत होते. पहिल्या पंधरवड्यात रात्री अकरा वाजता फोनवर पडताळणीचा कोड यायचा आणि मी अर्धवट झोपेत तो व्हॉट्सॲपवर पुढे पाठवायचो, हे आता आठवले की स्वतःचीच लाज वाटते.

मराठीचा मुद्दा थोडक्यात. मराठीत लिहू नका, त्याला रीच नाही, असे संस्थेचे म्हणणे होते. परदेशी खरेदीदारापुरते ते बरोबर आहे. शिवाय पोस्टला ३००० अक्षरांची मर्यादा असते आणि काना, मात्रा, वेलांटी हे सगळे वेगळे मोजले जात असल्याने मराठी मजकूर लवकर भरतो. परंतु सूत दलाल, डीलर, शाळांच्या गणवेशाचे काम करणारे शिलाईवाले ही आमची रोजची माणसे लिंक्डइनवर नाहीतच. ती व्हॉट्सॲपवर आहेत. जीएसएमची ती पुस्तिका मी मराठीत करून घेतली आणि डीलरांच्या ग्रुपवर टाकली, तेव्हा चाटी गल्लीतल्या एका दुकानदाराने ती छापून गल्ल्यामागे लावली. अहवालात या गोष्टीला रकाना नव्हता.

करार सप्टेंबर २०२५ मध्ये संपला. त्याच दिवशी पासवर्ड बदलला. संस्थेने परस्पर जोडलेल्या अनोळखी माणसांची नावे आठवडाभर रोज संध्याकाळी कमी करत बसलो. ज्याच्याकडे सांगण्यासारखे आहे पण इंग्रजी आणि चित्रांची अडचण आहे, त्याला या सेवेतले संपादन आणि डिझाइन घ्यावे असे मी जरूर सांगेन. वेळापत्रक, मुलाखती आणि प्रतिसाद यांचे पैसे मात्र वाचवावेत. आम्ही याच संस्थेशी नव्याने बोलणी केली असून आता महिन्याला फक्त दोन पुस्तिका आणि चार पोस्टचे संपादन, दरमहा १२ हजार, असे ठरले आहे. मूळ मजकूर आमचा, छायाचित्रे आमच्या शेडमधली आणि अंतिम मंजुरी त्याच दिवशी.

पुढची पुस्तिका धुलाईनंतर टॉवेल किती आटतो, यावर आहे. मसुदा मी पाठवण्यापूर्वी जॉबरना वाचून दाखवला. त्यांनी सगळे ऐकले आणि एकच दुरुस्ती सांगितली की टॉवेल ओला असताना नव्हे, वाळवून मोजायला सांगा, नाहीतर माणूस उगाच भांडायला येईल.