वाळूखाली थर्माकोल: ‘रेडीमेड बीच टँक’चे पैसे देण्याआधी

तीन फुटी काचेची टाकी, एका बाजूला वाळूचा उतार, दुसऱ्या बाजूला खारं पाणी, दगडांवरून पडणारी धार आणि शंखातले चार खेकडे. पावतीवर ‘ड्रेनेज व सर्क्युलेशनसह’ असं लिहून हा सेट गळ्यात मारला गेला. तिसऱ्या आठवड्यात वाळूला मधोमध भेग पडली आणि खालून पांढरा तुकडा डोकावला. थर्माकोल! खाली पाणी साचलं की तो तरंगायला बघतो आणि वरची वाळू फोडून वर येतो.

हिशेब सोपा आहे. ६० × ४५ सेंमीचा उतार, सरासरी खोली १२ सेंमी, म्हणजे ३२ लिटर. कोरडी वाळू लिटरला साधारण दीड किलो भरते, म्हणजे ४८ किलोच्या आसपास वाळू हवी. पावतीत ५० किलो होती. काढून, वाळवून तोलली तर १९ भरली.

त्या १९ किलोंतही दगा होताच. वाळू पिठासारखी बारीक, कारण ती फोटोत छान दिसते. बारीक वाळू पाणी वीतभराहूनही वर खेचते. तिच्याखाली नुसती खडी घातली तरी पाणी झिरपत नाही: वाळू तुडुंब भिजेपर्यंत ते खडीत उतरतच नाही. मग तळाशी हवा पोचत नाही, थर काळा पडतो आणि नासक्या अंड्यासारखा वास येतो. शंखातला खेकडा कात टाकायला वाळूत खोल शिरतो आणि तिथे कित्येक आठवडे राहतो. अशा चिखलात तो मरतो. दुकानदार मात्र ‘तुम्ही खाणं जास्त घातलंत’ म्हणून मोकळा होतो.

खरं ड्रेनेज असं असतं. तळाला ५ सेंमी उंचीचे पीव्हीसीचे तुकडे, त्यांवर प्लास्टिकची चौकटीची जाळी, वर नायलॉन नेटचे दोन थर आणि मध्ये पातळ स्पंज. त्यावर अर्धा ते एक मिमी दाण्याची धुतलेली वाळू, खेकड्यांसाठी निदान १५ सेंमी. पाण्याची पातळी कायम नेटच्या खाली. पंपाची धार दगडावर पडावी, वाळूवर पडली की दोन दिवसांत घळ पडते. गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेली) जाळी किंवा तांब्याची तार दिसली तर ती टाकी घेऊच नका, जस्त आणि तांबं दोन्ही खेकड्यांना विष आहेत.

पैसे देण्याआधी कोपऱ्यात तळापर्यंत जाणारा, खालच्या टोकाला खाचा पाडलेला २० मिमीचा उभा पाइप मागा. त्यात टॉर्च मारला की वाळूखालचं पाणी दिसतं, आणि जादा झालं तर तिथूनच नळीने ओढता येतं. ‘पाइप दिसायला वाईट दिसतो’ असं उत्तर आलं की समजून घ्या, खाली ड्रेनेज नाही. मग विणकामाची लांब सुई वाळूत चार ठिकाणी टोचा. जाळीच्या पातळीच्या बरीच वर, मऊसर काहीतरी रुतल्यासारखी अडली तर खाली थर्माकोल आहे.

पंपावर ‘१००० लिटर प्रति तास’ छापलेलं असतं, पण तो आकडा पाणी वर न चढवता मिळणारा. धारेखाली लिटरचं माप धरा. १००० चा प्रवाह खरा असेल तर ते ३.६ सेकंदांत भरायला हवं. या टाकीत ते भरायला १४ सेकंद लागले, म्हणजे तासाला जेमतेम २५७ लिटर. एवढ्या टाकीला ३००-४०० पुरतात, पण पैसे १००० चे घेतले होते.

सोबतच्या ‘समुद्री मिठा’च्या पुडीत आयोडीनचं खायचं मीठ होतं. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचा पत्ता नसतो. मरीन सॉल्ट, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठीचं मीठ, लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास घालून हायड्रोमीटरवर (पाण्याची घनता मोजणाऱ्या साधनावर) १.०२५ येतं का ते बघा. नंतर आटलेलं पाणी क्लोरीन काढलेल्या गोड्या पाण्यानेच भरा, कारण मीठ उडत नाही.

असा सेट आधीच घरी आला असेल तर वाळू उपसण्याआधी भेगेचा, थर्माकोलचा आणि काट्यावरच्या वजनाचा फोटो काढा, पावती जपा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवा. थर्माकोलचा तुकडाही फेकू नका.